माकडिणीची तुराटी

ज्वारी उपटणाऱ्या बायकांच्या तळहातांना पहिल्या दोन दिवसांत फोड येतात. तिसऱ्या दिवशी ते फुटतात आणि चौथ्या दिवसापासून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. आज सकाळी आमच्या दारावरून गेलेल्या बायकांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या, म्हणजे सुगीचा तिसरा दिवस. वाऱ्याला कडब्याचा गोडसर वास येतो आहे. वेशीबाहेरचं खळं शेणानं सारवून वाळत टाकलं आहे आणि त्यावर कुत्री चालू नयेत म्हणून कडेनं बाभळीच्या फांद्या लावल्या आहेत. गावात सगळ्यांचे आवाज या दिवसांत थोडे मोठे होतात. माणसं एकमेकांना शेतातून हाका मारतात आणि तीच सवय घरातही येते.

मला सुगी आवडत नाही. विचारलं तर धुळीनं डोळे येतात असं मी सांगते, आणि ते खोटंही नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सोलापूरला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात राहून इंग्रजीतून शिकत होते. लढाई चालू होती, आणि त्यात शहरात साथ आली. मुलींना घरोघर पाठवून दिलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर आमची पेटी उघडली गेली. शिपायानं माझी पुस्तकं उलटीसुलटी करून पाहिली आणि मला विचारलं, “ये क्या है, बीबी?” मी खाली पाहत राहिले. आप्पाच म्हणाले, “किताबें हैं, साहब. बच्ची पढती है.” मग गाडी उमरग्याच्या वाटेला लागली. माझ्यासाठी दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, हे तेव्हा इतकं नेहमीचं होतं की मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी मी कुणाच्याच कामाची नव्हते. आई आणि काकू आपसात कानडी बोलत, गड्यांशी मराठी. मला दोन्ही समजत, पण तोंड उघडलं की वाक्य आधी इंग्रजीत तयार होई आणि ते उतरवून घेईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. म्हणून मी सकाळी पुस्तक घेऊन शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे अवजारं आणि पोती ठेवायच्या खोलीवर, जाऊन बसू लागले. तिथं नीलव्वा होती.

नीलव्वा आमच्या शेताची राखण करायची. पन्नाशीची, विधवा, उंच. कमरेला चंची आणि चंचीच्या बंदाला कोठ्याची किल्ली. गोफणीचा दगड ती पाखराच्या अंगावर कधी मारत नसे, जवळून सोडायची, आणि थवा उठला की स्वतःशीच हसायची. पण गावात तिचं नाव होतं ते राखणीसाठी नव्हे. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी भावकी मानायची. ज्वारी उभी असतानाच ती एकटी पिकात शिरे, एकेक कणीस तळहातावर तोलून, दाण्यांवर अंगठा फिरवून पाही आणि पसंत पडलेल्या ताटाला लाल चिंधी बांधे. ती कणसं वेगळी खुडून, जुड्या बांधून कोठ्याच्या आढ्याला टांगली जात. ते पुढच्या साली आमच्या आणि चुलत्यांच्या सगळ्या रानात पेरायचं बियाणं. मळणी होऊन खळं उठेपर्यंत बियाणं घरात आणायचं नाही, रानाच्या छपराखालीच राहू द्यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ज्या पाच दगडांना पांडव म्हणून चुना लावून पुजतात, ते कोठ्यासमोरच आहेत. बियाणं त्यांच्या नजरेखाली राहतं, असं नीलव्वा म्हणायची.

“तुम्हाला कसं कळतं कोणतं घ्यायचं?” मी एकदा तिला विचारलं होतं. तिच्याशी बोलताना मला वाक्य उतरवून घ्यावं लागत नसे.

“कळत न्हाय, आक्का. हाताला लागतंय.” तिनं माझा हात ओढून त्यावर आधी एक कणीस ठेवलं, मग दुसरं. “हे बगा. दिसाया झकास, पर पोटात पोकळ हाय. आमच्या जावयावानी.”

मला तर दोन्ही सारखीच लागत होती.

जनावरांबद्दल तिच्याकडून मी जे ऐकलं, ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. कोठ्यावर रोज एक कावळा यायचा आणि वाळलेला भाकरीचा तुकडा जनावरांच्या पाण्याच्या डोणीत टाकून बसून राहायचा. तुकडा भिजला की काढून खायचा. “दात न्हाईत म्हणून अडलं का त्याचं?” नीलव्वा म्हणायची. माळावरच्या धनगरांकडून तिनं लांडग्यांचं ऐकलं होतं. एक लांडगा उजेडात, टेकाडावर, सगळ्यांना दिसेल असा बसतो. कुत्री त्याच्याकडे धावतात, तो पळत नाही, थोडा मागे सरतो, पुन्हा बसतो. तेवढ्यात दुसरा ओढ्यातून येऊन कोकरू उचलतो. “त्येंनी आपसात आधी बोलणं केल्यालं असतंय,” ती म्हणाली. मी म्हटलं, जनावरं बोलत नाहीत. ती म्हणाली, “मग तुमी तरी कुठं बोलता? पर मनात चाललंच असतंय की.”

आमच्या शाळेत निसर्गाचे धडे देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की हत्यार वापरतो तो माणूस. तेवढीच रेघ माणूस आणि जनावर यांच्यात आहे. मी ती रेघ वहीत पट्टीनं आखून घेतली होती, एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. माझी अक्षरं नीट असत, म्हणून ती वही बाईंनी वर्गात फिरवली होती.

ओढ्याकाठच्या चिंचांवर लालतोंड्या माकडांची टोळी होती. ज्वारी भरू लागली की ती रानात उतरत. त्यांच्यात एक म्हातारी माकडीण होती, डावा कान फाटलेली. तिच्या पोटाला पिल्लू असे. फड्या निवडुंगाचं लाल बोंड ती तसंच तोंडात घालत नसे. खाली मातीत ठेवून, वाळक्या पानानं घोळून घोळून काटे काढत असे आणि मगच खात असे. नीलव्वा तिच्यावर दगड सोडताना शिव्याही द्यायची आणि कौतुकही करायची. “हिला शाळंत घातली असती तर तुमच्या म्होरं गेली असती, आक्का.”

कोठ्याच्या मागच्या भिंतीला एक लहान खिडकी होती. तिला लोखंडी गज आणि आतून लावायची फळी. मला वाचायला उजेड हवा म्हणून मी फळी काढत असे. नीलव्वानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “जाताना फळी लावत जावा. मागल्या अंगाला माझं ध्यान नसतंय.” मी लावत असे. एका दुपारी विसरले. नीलव्वा ओढ्यावर पाण्याला गेली होती, मी बाहेर बुचाडाच्या, म्हणजे रचून ठेवलेल्या पेंढ्यांच्या, सावलीला बसले होते. फाटक्या कानाची खिडकीशी आली. तिनं गजांतून हात घातला, खांद्यापर्यंत. जुडी अजून हातभर दूर होती. तिनं दुसरा हात घालून पाहिला. मग ती खाली बसली आणि खूप वेळ काहीच केलं नाही. मला वाटलं ती कंटाळली.

भिंतीला तुराट्यांचा भारा टेकवलेला होता. तूर झोडपून झाली की उरतात त्या वाळक्या काठ्या, चुलीसाठी ठेवलेल्या. तिनं त्यातली एक ओढली, आत घातली, ती मोडली. दुसरी लांबीला पुरली, पण कणसावरून नुसती घसरली. मग तिनं तिसरी घेतली आणि दातांनी तिच्या बाजूच्या फांद्या सोलायला लागली. सगळ्या सोलल्या, टोकाजवळची एक तेवढी ठेवली. ती तुराटी उलटी धरून तिनं आत घातली, जुडीचा दोर त्या फांदीच्या बेचक्यात अडकवला आणि जुडी झोक्यासारखी हलवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या झोक्याला जुडी गजांशी आली आणि दुसऱ्या हातानं तिनं एक कणीस उपसून घेतलं. पिल्लू तिच्या पोटाशी उलटं लटकून तुराटीकडे पाहत होतं, कणसाकडे नाही.

मी पट्टीनं आखलेली रेघ माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी ओलांडली होती, आणि ते पाहणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी फळी लावायला मी विसरले नाही. ती मी मुद्दाम काढून ठेवली.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत. चार दुपारी मी ती खिडकी उघडी ठेवली. चारही दुपारी बुचाडामागे बसून वहीत इंग्रजीतून टिपत गेले: कोणती काठी घेतली, किती फांद्या सोलल्या, काम झाल्यावर काठी कुठं टाकली. चौथ्या दिवशी तिनं कालचीच तुराटी शोधून काढली. तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तोंडावर पदर धरला. खिडकीकडची एक जुडी रिकामी झाली, दुसरी अर्धी. ती बाजू दारातून दिसत नसे. मध्ये बैलांच्या झुली आणि पोती रचलेली होती. नीलव्वा संध्याकाळी दार ओढून कुलूप लावत असे आणि कुलूप एकदा हिसडून बघत असे.

ती कणसं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण वहीत जे उतरत होतं त्याच्यापुढे ती कणसं मला फार थोडी वाटली.

जेवताना एकदा मी बोलले सुद्धा. माकडं काठीचा उपयोग करतात, मी पाहिलं, एवढंच. काका, आप्पांचे धाकटे भाऊ, घास हातात धरून थांबले. “काठी घेऊन? चाल चांगली हाय. उद्या चष्मा लावील आन पटवारी होईल.” सगळे हसले. काकूनं विचारलं, “तुमच्या शाळंत पोरींना माकडं शिकवत्यात का माकडांना पोरी?” आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताक मागितलं.

खळं उठलं त्या दिवशी भावकीतले आठदहा लोक बियाणं उतरवायला कोठ्यावर आले. आम्ही बायका बाहेर पांडवांच्या दगडांपाशी उभ्या होतो. नीलव्वानं कुलूप काढलं, काका आत पोत्यांमागं गेले आणि लगेच बाहेर आले.

“कुलूप जाग्यावर, आन दीड जुडी रिकामी. कणसांना पाय फुटले का काय, नीलव्वा?”

ती आत जाऊन पाहून आली. तिचा चेहरा उतरला होता. “मला ठावं न्हाय, मालक.”

“किल्ली कुणाकडं असती?”

“माझ्याकडं.”

“आन कुणाकडं?”

“कुणाकडं न्हाय.”

आमच्याकडे चोरीचा संशय आला की शोध घेत नाहीत, शपथ घालतात. बेलाचं पान आणि त्यावर चिमूटभर भंडारा. ते उचलून खोटं बोलणाऱ्याचा हात झडतो असं मानतात. शपथेची सोय आहे म्हणून कुणाला कोठ्याला वळसा घालावासा वाटला नाही. भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर, खिडकीखाली सोललेल्या तुराट्या आणि ज्वारीचा चुरा पडला होता. इतकी मोठी माणसं, पण एकानंही तिकडे जाऊन पाहिलं नाही.

पान नीलव्वासमोर दगडावर ठेवलं. काका म्हणाले, “उचल. म्हण, ह्या बियाण्यातलं एकबी कणीस म्या घरला नेलं न्हाय.”

तिनं हात पुढे केला आणि थांबवला. तिनं ते उचललं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. तिच्या शपथेवर अविश्वास दाखवायची कुणाची छाती नव्हती.

“दोन नेली,” ती म्हणाली. “लेकीच्या परसात टोकाया. दोनच.”

मग मागून एकजण म्हणाला, “दोन म्हणती म्हंजी किती असतील ते समजून घ्या.”

“दोनच नेली, आप्पा,” ती माझ्या वडलांकडे वळून म्हणाली. “बाकीचं मला खरंच ठावं न्हाय.”

“चोरानं आकडा सांगायचा आन आमी माना हलवायच्या?” काका म्हणाले.

मी आईच्या मागे उभी होते. माझ्या डोक्यात सगळी वाक्यं तयार होती, व्याकरणासकट, एकामागून एक. ती इंग्रजीत होती. उतरवून घ्यायला वेळ लागला असता, आणि तो वेळ मला होता. नीलव्वा उभी होती, लोक कुजबुजत होते, आप्पा मान खाली घालून विचार करत होते. चांगला वेळ होता. पण पहिल्या वाक्यानंतर कुणीतरी विचारलं असतं की फळी कुणी काढली, आणि त्या वाक्याचं भाषांतर मला करायचं नव्हतं. आपलं कोण ऐकणार, सगळे पुन्हा हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण मला लगेच पुरलं.

आप्पा म्हणाले, “नीलव्वा, उद्यापासनं राखणीला येऊ नको. आन बियाण्याला हात लावू नको.”

तिनं चंचीच्या बंदाची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, सुटेना. तिनं दातांनी ओढून सोडली, किल्ली दगडावर ठेवली आणि गेली. राखण दुसरीकडेही मिळाली असती. पण चोरटा हात बियाण्याला लागलेला चालत नाही, आणि ही बातमी आजूबाजूच्या गावांत पोचायला चार दिवसही लागले नाहीत. पुढच्या महिन्यात ती लेकीकडे जळकोटला गेली, असं कळलं.

साथ ओसरली आणि मी शाळेत परत गेले. वही बाईंना दाखवली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली. वाक्यं लाल शाईनं दुरुस्त केली होती आणि शेवटी लिहिलं होतं की कल्पना चांगली आहे, पण ते माकड एखाद्या मदाऱ्यानं शिकवून सोडलेलं असावं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुणी विश्वास ठेवणार नाही, या माझ्या कारणावर शाळेचा शिक्का पडला. त्या शिक्क्यावर मी पाच-सहा वर्षं काढली.

दरम्यान निजामाचं राज्य गेलं. नाक्यावरचे शिपाई गेले. शिकून मी घरी परतले. आता लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात आणि काकाही मला ‘तुम्ही’ म्हणतात. गेल्या सुगीत बियाण्याच्या जुड्या उतरवताना मी आणि आप्पा कोठ्यात दोघंच होतो. ज्वारी दरवर्षी थोडी बारीक पडत चालली होती. जुड्या आता कुणीही बांधतं. मी बोलले. सगळं सांगितलं: फळी, तुराटी, चार दुपारी. माकडिणीबद्दल ते हसतील म्हणून तो भाग दोनदा सांगितला.

आप्पा पोत्यावर बसले. “मला ठावं हाय,” ते म्हणाले.

मी हातातली जुडी खाली ठेवली.

“दुसऱ्या दिवशी मागं जाऊन बघितलं म्या. तुराट्या पडल्या व्हत्या. एक दातानं तासल्याली. तू जेवताना बोलली व्हतीस, ते आठवलं.”

“मग?”

“मग काय. फळी आतल्या अंगानं निघती. कुणी काढली, हे चारचौघांत आलं असतं. तुझं नाव आलं असतं.” त्यांनी एक कणीस उचललं, तळहातावर तोलल्यासारखं केलं आणि परत ठेवलं. “आन दोन कणसं तिनं नेली व्हतीच की.”

म्हणजे माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे खरं नव्हतं. एकानं न सांगताच ठेवला होता. आम्ही दोघं इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवत होतो, आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. जंगलातलं जनावर आपल्या पिल्लाला वाचवण्यासाठी काय काय करतं, ते नीलव्वानं मला पुष्कळ सांगितलं होतं. त्यासाठी दुसऱ्या कुणाला बळी द्यावं लागतं, हेही त्यात असे. मी ते कौतुकानं ऐकत असे. ते पिल्लू मी असेन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

“मी जळकोटला जाऊन येते,” मी म्हटलं.

“जाऊन काय करणार? भावकीनं एकदा ठरवलं ते ठरवलं. मी सांगून बदलंल असं न्हाय.” ते पोत्यावरून उठले. “आन मी सांगणारबी न्हाय.”

मी गेले. सोलापूर-हैदराबादचा रस्ता जळकोटपाशी दुरुस्त होत होता. कडेला खडी फोडणाऱ्या बायकांची रांग बसली होती, प्रत्येकीसमोर दगडांचा ढीग, हातात आखूड दांड्याचा हातोडा. नीलव्वा शेवटची होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं, पण उठली नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. मराठीत, सरळ, न अडखळता. अर्ज लिहून लिहून माझं मराठी आता चांगलं झालं आहे.

ती ऐकत होती. फाटक्या कानाच्या माकडिणीनं फांदी कशी सोलली ते आलं तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं ती हसेल.

“गावात सांगितलं का?” तिनं विचारलं.

“आप्पांना सांगितलं.”

“गावात?”

मी मान हलवली. नाही.

“मग मला कशाला सांगाया आलाव, आक्का? म्या चोरली न्हाईत, हे मला ठावंच हाय.”

शेजारची बाई फोडायची थांबून आमच्याकडे पाहू लागली. नीलव्वानं ढिगातून एक दगड ओढला, पायाच्या दोन बोटांत धरला, फिरवून त्याची शीर पाहिली. हातात हातोडा होता, पण दगड निवडताना तिचा अंगठा अजून कणसावर फिरायचा तसाच फिरत होता.

“मागं सरका,” ती म्हणाली. “चिपा डोळ्यात जात्यात.”

मी सरकले.